जड वायर, सैल पिन

कपाटातील पुस्तकांवरून घरमालकाच्या वाचनाचा अंदाज बांधता येतो, तसा संगीतयंत्राच्या दर्शनी बाजूवरून त्याच्या आवडीचाही बांधता येतो. परंतु त्या घरातील माणसे किती निर्धास्त आहेत हे जाणून घ्यावयाचे असेल, तर यंत्राच्या पाठीमागे वाकून पाहावे लागते. तेथे धूळ असते, वायरींचा गुंता असतो, आणि पुष्कळदा एक जाडजूड काळी वायर आपल्या भाराने खाली ओघळून यंत्राच्या पाठीतील पिनांना लोंबकळत असते. गाणे चालू असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वाचकहो, आपल्या घरी ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी प्लेअर यांपैकी काहीही असेल, तर आज ते बंद करून, भिंतीवरील स्विच बंद करून, त्याची मागील बाजू एकवार न्याहाळावी. वायरीचे तोंड यंत्राच्या खाचेत सरळ बसले आहे, की खालच्या अंगाला झुकले आहे? वरच्या बाजूला फट दिसते काय? दिसत असल्यास पुढील मजकूर आपल्यासाठीच आहे.

प्रथम ही जोडणी कशी असते ते पाहू. यंत्राच्या पाठीत एक चौकट असते व तिच्या आत तीन चपट्या पिना असतात. वायरीच्या टोकाला त्या चौकटीत बसणारे तोंड असते. बाजारात ‘कॉम्प्युटरची वायर द्या’ असे म्हटले की दुकानदार जी देतो तीच ही. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३२० यात यंत्राच्या बाजूस सी-१४ आणि वायरीच्या बाजूस सी-१३ असे नाव आहे, आणि ही जोडी १० अँपिअर व २५० व्होल्टपर्यंत वापरण्यासाठी ठरविलेली आहे. मोठ्या यंत्रांना सी-१९ व सी-२० ही १६ अँपिअरची थोरली जोडी असते. लहान रेडिओ व प्लेअर यांना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन पिनांची धाकटी जोडी असते, ती २.५ अँपिअरची असून तिची पकड तिघींत सर्वांत दुबळी.

या जोडणीत बाहेरून दिसणारे प्लॅस्टिक केवळ वाट दाखविते. पकड त्याची नसते. पकड असते ती आतील धातूच्या चिमट्यांची. वायरीच्या तोंडात प्रत्येक पिनेसाठी एक चिमटा असतो आणि तो आपल्या स्प्रिंगसारख्या ताणाने पिनेला दोन्ही अंगांनी दाबून धरतो. हजारो कारखान्यांत तयार झालेली तोंडे हजारो कारखान्यांतल्या चौकटींत बसली पाहिजेत, यास्तव प्लॅस्टिकच्या मापांत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. म्हणून नवी वायरही किंचित हलली तर घाबरण्याचे कारण नाही. स्वतःच्या भाराने बाहेर सरकणारी, बोट लावताच गाणे तुटविणारी किंवा तास-दीड तासाने तोंडाशी गरम लागणारी वायर मात्र सदोष समजावी.

साधी तीन पदरी वायर हलकी असते आणि हे चिमटे तिचा भार आयुष्यभर सहज पेलतात. घोटाळा झाला तो शौकीन मंडळींसाठी बाजारात आलेल्या जाड वायरींमुळे. अंगठ्याएवढी जाड, वर विणीचे आवरण, आत तांब्याचे अनेक पदर, शिवाय टोकाला धातूचे जड तोंड. अशी वायर किलोभर वजनाची असणे नवलाचे नाही. ती केवळ जड नसते, ताठही असते. यंत्र भिंतीला लावून ठेवले की ती वळावयास नकार देते आणि तोंडाला तरफेप्रमाणे उचकटते. जमिनीपासून मीटरभर उंच असलेल्या फळीवरून ती मोकळी सोडली, तर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, तिचा भार त्या तीन चिमट्यांवर तिरपा पडत राहतो. वरच्या बाजूचा चिमटा फाकतो, खालचा दबतो. काही यंत्रांत मागील चौकट थेट आतील सर्किटच्या पाटीवर डाख देऊन बसविलेली असते; तेथे तो ताण डाखापर्यंत पोहोचतो आणि डाखाला बारीक तडा जातो. मग दुरुस्तीचा खर्च वायरीच्या किमतीवर थांबत नाही.

अशा वायरीने आवाज सुधारतो काय, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. थोडे गणित करून पाहावे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. दोन मीटर लांबीच्या साध्या वायरीत प्रवाह जाऊन परत येतो, म्हणजे चार मीटर तार झाली. तिचा विरोध सुमारे ०.०७ ओहम. यंत्राने दोन अँपिअर घेतले तरी त्यात ०.१४ व्होल्ट खर्ची पडतो. उलट भिंतीतून मीटरपर्यंत गेलेली वायर समजा दीड चौरस मिलिमीटरची आणि २० मीटर लांब आहे. जाऊन-येऊन ४० मीटर तारेत सुमारे ०.९ व्होल्ट जातो. शेवटची दोन मीटर वायर चौपट जाड केल्याने आपण वाचविला एक दशांश व्होल्ट, आणि तोही २३० व्होल्टांतून, जे दिवसभरात आपण होऊनच कितीतरी व्होल्ट वरखाली होत असतात. लेखकाचे मत असे की, या पैशांत चार चांगल्या ध्वनिमुद्रिका येतात. तथापि ज्यांनी वायर घेतली आहे, ज्यांना ती प्रिय आहे, त्यांनी ती टाकून द्यावी असा आग्रह नाही. तिचा भार मात्र पिनांवर टाकू नये.

सैल जोडणीत नेमके काय घडते? पिन आणि चिमटा यांचा स्पर्श मोठ्या पृष्ठभागावर होण्याऐवजी एखाद-दुसऱ्या टोकावर होतो. तेथे विरोध वाढतो आणि उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विरोध अर्धा ओहम झाला आणि प्रवाह दोन अँपिअर असला, तर त्या बिंदूवर दोन वॅट, विशेष नाही. परंतु एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ॲम्प्लिफायर, टीव्ही व आणखी एखादे यंत्र जोडून पाच अँपिअर वाहत असतील, आणि त्या बोर्डाचा भिंतीतील प्लग तितकाच सैल असेल, तर तेथे साडेबारा वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याच्या निम्मी आच प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये, पडद्याच्या आड, कोणाचे लक्ष नसताना कोंडून राहते. तापलेल्या चिमट्याचा ताण उतरतो, ताण उतरला की स्पर्श आणखी सैल होतो, आणि सैल झाला की तो आणखी तापतो. प्लग पिवळा, मग तपकिरी होतो. कुजट, मासळीसारखा वास येऊ लागतो. हा वास आला की त्याच क्षणी मुख्य स्विच बंद करावा, प्लगला हात लावू नये.

फेज व न्यूट्रल या दोन पिनांचा स्पर्श बिघडला, तर त्या निदान गाऱ्हाणे तरी करतात. स्पीकरमध्ये चरचर होते, गाणे मध्येच तुटते, ॲम्प्लिफायर बंद होऊन पुन्हा चालू होताना ‘धप्प’ असा आवाज येतो. तिसरी पिन अर्थिंगची. तिचा स्पर्श सुटला तर काहीच होत नाही. गाणे तसेच गोड चालते, दिवा तसाच जळतो. आणि म्हणूनच ती सर्वांत धोक्याची. ज्या यंत्राचे खोके धातूचे आहे, त्याच्या आत एखादी तार निसटून खोक्याला टेकली, तर तो प्रवाह अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जावा व फ्यूज उडावा किंवा एमसीबी पडावा अशी ही योजना आहे. वाट तुटलेली असेल, तर खोके २३० व्होल्टांनी भारलेले राहते आणि ओल्या हाताने आवाजाचे बटण फिरवावयास येणाऱ्या माणसाची वाट पाहते. ज्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह आहे, ती यंत्रे दुहेरी आवरणाची असून त्यांना अर्थिंग लागत नाही. बाकी सर्व तीन पिनी यंत्रांना ते हवेच. स्पीकरमधील गुणगुण घालविण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी जाणकार म्हणविणारा देईल. त्याला चहा द्यावा, पण पक्कड देऊ नये.

या मूक पिनेची परीक्षा घरीही करता येते. साधा मल्टिमीटर हवा. प्लग भिंतीतून पूर्णपणे काढून हाती घ्यावा. वायरीचे दुसरे तोंड यंत्रात तसेच राहू द्यावे. मीटर विरोध मोजण्याच्या किंवा ‘टूं’ असा आवाज देणाऱ्या खुणेवर ठेवून एक टोक प्लगच्या जाड व लांब पिनेला, दुसरे यंत्राच्या खोक्यावरील एखाद्या रंग नसलेल्या स्क्रूला लावावे. रंगविलेल्या पत्र्यावर लावल्यास फसगत होते. आकडा एका ओहमच्या आत असावा. आता घरातील दुसऱ्या कोणाला यंत्राच्या पाठीतील तोंड हलकेच वरखाली, डावी-उजवीकडे हलवावयास सांगावे. आवाज अखंड राहिला तर उत्तम. तुटला किंवा आकडा नाचू लागला तर जोडणी सैल आहे. यावरून केवळ वायर व यंत्र यांची पारख झाली. भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला आहे काय, तेही विचारावे.

दोष वायरीत की यंत्रात, हे ओळखणे सोपे आहे. शेजारच्या कॉम्प्युटरची चांगली वायर लावून पाहावी. ती घट्ट बसली तर आपल्या वायरीचे चिमटे फाकले आहेत. ती वायर बदलावी. तीही डगमगली तर यंत्राची चौकट निकामी झाली आहे, आणि ते काम कारागिराचे. यंत्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही ॲम्प्लिफायरमधील मोठे कपॅसिटर काही काळ भारलेले असू शकतात.

आता आधाराकडे वळू. तत्त्व एकच: तोंडाने फक्त विद्युत् वाहून न्यावी, वजन दुसऱ्या कोणी उचलावे. यासाठी सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत चांगला उपाय म्हणजे लाकडाचा ठोकळा. यंत्राच्या पाठीतील चौकट फळीपासून किती उंच आहे ते मोजावे, वायरीची निम्मी जाडी त्यातून वजा करावी, आणि तेवढ्या उंचीचा ठोकळा सुताराकडील सागवानी तुकड्यातून कापून घ्यावा. वरच्या अंगाला वायर बसेल अशी उथळ खाच कोरून तीत बनातीचा तुकडा चिकटवावा. हा ठोकळा यंत्रापासून दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर ठेवला की वायर तोंडापर्यंत आडवी, सरळ येते. फळी खोल नसेल, तर मांडणीच्या मागील खांबाला त्याच उंचीवर कापडी किंवा वेल्क्रोची पट्टी बांधून तिच्यात वायर अडकवावी. नायलॉनची टायही चालते, परंतु ती इतकी आवळू नये की आवरणाला वळ पडेल. आधार आणि तोंड यांच्यामध्ये वायर किंचित ढिली राहावी; ताठ बांधलेली वायर लोंबत्या वायरीइतकीच ओढते.

आधारानंतर उरलेली वायर खाली सोडताना तिला मोठा, सैल वळसा द्यावा. काटकोनात मोडू नये. यंत्र व भिंत यांत हातभर नाही तरी वीतभर जागा असावी. ती देणे शक्यच नसेल, तर काटकोनी तोंडाची वायर मिळते. मात्र घेताना तिचे तोंड खाली वळते की वर, की बाजूला, हे आपल्या यंत्राच्या पिनांशी ताडून पाहावे. उलट्या दिशेची वायर आणली की ती वरच्या फळीला डोके आपटते.

भिंतीच्या बाजूचीही हीच कथा. आपल्याकडील गोल पिनांचे प्लग व सॉकेट भारतीय मानक आयएस १२९३ यानुसार ६ आणि १६ अँपिअरचे असतात. भिंतीवर उंच लावलेल्या बोर्डातून जड वायर लोंबत असेल, तर प्लगच्या खाली वीतभर अंतरावर भिंतीला क्लिप ठोकून वायर तीत धरावी. एक्स्टेन्शन बोर्ड उभा टांगण्यापेक्षा सॉकेटे वर येतील असा सपाट ठेवलेला बरा. मग प्लगचे वजन त्याला बाहेर ओढण्याऐवजी आत दाबते, आणि हा लाभ फुकटचा आहे. बोर्ड मात्र जमिनीवर नको. फरशी पुसणाऱ्या बाईच्या बादलीचे पाणी तेथवर पोहोचते.

प्लग उघडून जोडता येण्याजोगा असेल, तर तो एकदा उघडून पाहावा. आत वायरीला धरून ठेवणारी दोन स्क्रूंची लहान पट्टी असते. ती जाड वायरीवर बसत नाही म्हणून वायरमन पुष्कळदा काढून टाकतात किंवा बाहेरचे आवरण सोलून आतील तीन तारा उघड्या आत घेतात. मग सारी ओढ स्क्रूंखालील तांब्यावर येते. पट्टीने बाहेरचे आवरणच पकडले पाहिजे. अर्थिंगची हिरवी-पिवळी तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटेल. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना डाख देऊ नये. दाबाखाली शिसे-कथील हळूहळू पसरते आणि सहा महिन्यांनी तोच स्क्रू ढिला होतो.

परदेशातून आलेल्या वायरींविषयी दोन शब्द. युरोपातील जाड दोन पिनी प्लग आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटात जातो, कारण दोन पिनांतील अंतर जवळजवळ सारखेच आहे. परंतु त्याच्या पिना ४.८ मिलिमीटर व्यासाच्या, तर आपल्या सुमारे ५.१ मिलिमीटर, म्हणून तो सैल बसतो. शिवाय त्याचे अर्थिंग पिनेत नसून बाजूच्या पट्ट्यांत असल्यामुळे येथे ते कोठेच जोडले जात नाही. यंत्र चालते, म्हणजे सर्व ठीक, असा समज होतो. परदेशी असलेल्या लेकाने मोठ्या प्रेमाने पाठविलेल्या ॲम्प्लिफायरची वायर अशी असेल, तर ती बाजूला ठेवून त्याच तोंडाची, आय.एस.आय. चिन्ह असलेली भारतीय प्लगची वायर घ्यावी. लेकाला कळविण्याची गरज नाही. सर्व देशांचे प्लग सामावून घेणारी ‘युनिव्हर्सल’ सॉकेटे सोयीची खरी, परंतु सर्वांना घेणारे सॉकेट कोणालाच नीट धरत नाही. जड वायरीसाठी ते टाळावे.

वायर निसटू नये म्हणून कुलपाची तोंडेही मिळतात. काहींत पिना आतून घट्ट धरल्या जातात आणि काढताना एक खटका मागे ओढावा लागतो. ती साध्या चौकटीत बसतात. काही यंत्रांच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात. त्यांत तारेची कडी बसवून ती तोंडावर ओढून घेता येते. सभागृहांतील यंत्रांना पिळून बसविण्याची निराळीच जोडणी असते. या योजना चांगल्या आहेत, पण घरात एक विचार करावा. एरवी वायरीत पाय अडकला तर तोंड सुटते, गाणे बंद पडते, इतकेच. कुलूप घातलेले तोंड सुटत नाही. मग ओढ सरळ यंत्राला बसते, आणि वीस किलोंचा ॲम्प्लिफायर फळीवरून खाली येऊ शकतो. ज्या घरात रांगते मूल आहे, किंवा रात्री काठी टेकीत उठणाऱ्या आजी आहेत, तेथे आधी वायर येण्या-जाण्याच्या वाटेतून हलवावी. ते झाल्यावर कुलपाचा विचार करावा.

काही घरगुती युक्त्या मात्र सर्वस्वी वर्ज्य होत. सॉकेटात काडेपेटीची काडी किंवा कागदाची घडी खोचणे, पिना पक्कडीने वाकविणे वा फाकविणे, तोंड सरसाने किंवा डिंकासारख्या द्रवाने चिकटविणे. प्लॅस्टिकच्या बाहेरील अंगाला चिकटपट्टीचा वेढा देऊन ते चौकटीत घट्ट बसविणारेही आहेत. त्याने डगमग थांबते. आतील फाकलेला चिमटा मात्र तसाच राहतो, आणि आता तो हलत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा आणखी एक त्रास आहे. पितळी पिना काळवंडतात, तांब्यावर हिरवट थर चढतो. पावसाळा संपला की सर्व स्विच बंद करून प्रत्येक प्लग व तोंड चार-पाच वेळा काढ-घाल करावी. घर्षणाने स्पर्श स्वच्छ होतो. मुलामा असलेल्या पिना पॉलिशपेपरने घासू नयेत, मुलामा निघून जातो. एक सवय घरातील सर्वांना लावावी: प्लग घालताना व काढताना स्विच बंद. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. चालू सॉकेटात प्लग खुपसला की ठिणगी पडते आणि दर ठिणगीगणिक पिनेवर एक खड्डा राहतो.

दिवाळीच्या साफसफाईत यंत्रे जागची हलतात आणि बहुतेक वायरी तेव्हाच ओढल्या जातात. ती परत मांडताना ठोकळा आधी ठेवावा, नंतर वायर त्याच्या खाचेत बसवावी, तोंड सरळ रेषेत शेवटपर्यंत आत दाबावे, आणि भिंतीचा स्विच सर्वांत शेवटी लावावा. पहिल्या तासाभराच्या ऐकण्यानंतर स्विच बंद करून प्लगला व तोंडाला हाताची मागील बाजू लावून पाहावी. ती खोलीतील भिंतीइतकीच गार लागावीत.